रवाळ नाही

पुण्यात शेल नसतो.
इथं कुदळ मारली की काळा पाषाण कुदळीलाच उत्तर देतो.
शेल येतो वरोऱ्याकडून,
पूर्वी एसटीच्या टपावरून यायचा, आता कुरिअरनं,
जुन्या वर्तमानपत्रात पापडासारखा गुंडाळलेला
आणि पापडासारखाच येता येता अर्धा मोडलेला.

मी जमादार. क्ष-किरणांच्या खोलीतली.
अकीकाच्या खलात एकतीस वर्षं
दुसऱ्यांचे समुद्र कुटत आलेय.

कुटायचं, पण फार नाही.
मग उंच नळकांड्यात पाणी, त्यात ती पूड,
आणि वाट बघायची.
जड कण आधी बसतात, हलके तरंगत राहतात,
किती तास, ते भिंतीवरच्या तक्त्यात आहे;
डबा कधी उघडायचा तेही त्यावरूनच ठरतं.
वरचं गढूळ पाणी काचपट्टीवर थेंब थेंब वाळवायचं.
एवढ्याशा राखाडी सायीत
अख्खा किनारा असतो.

केओलिनाइट निघालं तर समजायचं,
वर कुठंतरी उष्ण, ओली जमीन होती,
पावसानं धुऊन धुऊन तिचे सगळे क्षार नेले.
इलाइट असेल तर थंडी, किंवा कोरडं :
खडक नुसता झिजला, बदलला नाही.
स्मेक्टाइटची परीक्षा रात्रभर, ग्लायकॉलच्या वाफेत;
सकाळी ते फुगलेलं असतं, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं.
पण खोल गाडलं, तापलं,
की तेच हळूहळू इलाइट होतं
आणि साक्ष फिरवतं.
म्हणून एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही.

नानिवडेकर सरांनी दिला होता.
गोड्या पाण्याचं तळं, म्हणाले होते, शहात्तर साली,
आणि त्या तळ्याकाठी त्यांचा प्रबंध, बढती, तीन विद्यार्थी
सुखानं राहत होते.

सत्तेचाळीस नंबरच्या बोअरमधून
दोनशे बारा मीटरवरचा तुकडा आला.
बोरॉन जास्त.
बेरियमच्या मानानं स्ट्रॉन्शियम जास्त.
गंधक कार्बनच्या तोडीस तोड.
सूक्ष्मदर्शकाखाली पायराइटचे गोळे,
सासवडच्या सीताफळासारखे, डोळा न् डोळा मोजावा असे,
पण एका केसाच्या जाडीत दहा-बारा बसतील एवढेच.
बारीक आणि सगळे एका मापाचे,
म्हणजे तळाशी श्वास नव्हता.
आकडे मी तीनदा काढले.
चौथ्यांदा खल ॲसिडनं धुतला,
कारण ते खोटे निघायला हवे होते मला.

सर आले. काठी, मफलर, एप्रिल असूनही.
आलेखांकडे पाहिलं नाही.
तुकडा उचलला, कोपरा दाताखाली धरला,
जुनी भूशास्त्राची माणसं धरतात तसा,
आणि डोळे मिटून चावला.
"रवाळ नाही," म्हणाले. "लोणी आहे. फार शांत पाणी."
मग बराच वेळ काहीच नाही. एसी गुरगुरत होता.
"खारट लागत नाही हो, जमादारबाई."
"तीस कोटी वर्षं झाली, सर."
"हो. ते आलंच."

संध्याकाळी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले.
म्हात्रे पुलावर थांबले, खाली बघत.
मुठेचा गाळ काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा.
"यात काय सापडेल?" तोंडी परीक्षेला बसवल्यासारखं विचारलं.
मी म्हटलं, तळाशी श्वास नाही, ते तर नाकालाच कळतंय.
शिसं. क्रोमियम.
शाडू, तो भावनगरकडचा,
इथल्या खडकाशी काही नातं नसलेला.
आणि जिप्सम, दर वर्षी एक थर,
प्लास्टरच्या मूर्तींचा.
सर हसले. दात अजून राखाडी होते.
"जिप्सम बघून कुणीतरी लिहील,
पुण्यात समुद्र होता, आणि दर भाद्रपदात आटायचा.
बढती मिळेल त्याला."

रिक्षावाल्यानं मीटर टाकला.